एमेट आणि मॅक्नेव्हिन: दोन आयरिश वैद्य-राजकारण्यांची गल्लत

थॉमस ॲडिस एमेट आणि विल्यम जेम्स मॅक्नेव्हिन यांची चरित्रे थोडक्यात सांगायला गेल्यास ती एकाच माणसाची वाटू लागतात. दोघांनीही वैद्यकाची पदवी घेतली आणि दोघेही आयर्लंडमधील ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या युनायटेड आयरिशमेन या क्रांतिकारी संघटनेचे पुढारी होते. १२ मार्च १७९८ रोजी डब्लिनमध्ये झालेल्या धरपकडीत दोघेही पकडले गेले, पुढे स्कॉटलंडमधील फोर्ट जॉर्ज या किल्ल्यात १८०२ पर्यंत कैदेत राहिले, आणि दोघांचेही उत्तरायुष्य न्यूयॉर्कमध्ये गेले. त्यामुळे एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर सहज चढते. खरे पाहता ‘वैद्य’ ही ओळख मॅक्नेव्हिन यांना जन्मभर लागू पडते. एमेट यांना ती तारुण्यातील मोजक्या वर्षांपुरतीच लागू पडते.

या फरकाचे मूळ धर्मावर आधारलेल्या कायद्यांत आहे. एमेट यांचा जन्म १७६४ मध्ये कॉर्क येथे एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला, आणि त्यांचे वडील सरकारचे अधिकृत वैद्य होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि त्यानंतर एडिंबरा येथे शिक्षण घेऊन ते वैद्य झाले खरे. परंतु थोरला भाऊ ख्रिस्तोफर टेंपल, जो नामांकित वकील होता, १७८८ मध्ये वारला, तेव्हा त्यांनी वैद्यक सोडून कायद्याचा अभ्यास हाती घेतला आणि १७९० मध्ये ते आयर्लंडमध्ये वकिली करू लागले. मॅक्नेव्हिन १७६३ मध्ये गॉलवे परगण्यात एका कॅथलिक घरात जन्मले. त्या काळी कॅथलिकांना ट्रिनिटीची पदवी मिळत नसे, आणि वकिलीचा दरवाजाही त्यांच्यासाठी १७९२ पर्यंत बंदच होता. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्या पदरी वैद्य असलेल्या काकांनी पुतण्याला आपल्याकडे बोलावून घेतले, म्हणून प्राग आणि व्हिएन्ना येथे त्यांचे शिक्षण होऊ शकले. १७८४ मध्ये डब्लिनला परतून त्यांनी वैद्यकी सुरू केली. एमेट यांनी जो व्यवसाय सहज बदलला, तो मॅक्नेव्हिन यांच्यासारख्या तरुणाला खुल्या असलेल्या थोड्या व्यवसायांपैकी एक होता, ही गोष्ट दोघांना एकाच विशेषणात बसवताना विसरली जाते.

राजकारणातही त्यांच्या वाटा वेगळ्या दिशांनी येऊन मिळाल्या. मॅक्नेव्हिन कॅथलिकांच्या हक्कांच्या चळवळीतून पुढे आले. १७९७ मध्ये फ्रान्सची लष्करी मदत मिळवण्यासाठी संघटनेने त्यांनाच पाठवले, आणि हँबुर्ग येथे त्यांनी फ्रेंच प्रतिनिधीला दिलेले टिपण फुटून ब्रिटिश सरकारच्या हाती पडले. एमेट यांचे रणांगण न्यायालय होते. संघटनेची शपथ दिल्याच्या आरोपावरून चाललेल्या एका खटल्यात त्यांनी भर न्यायालयात स्वतः ती शपथ घेतली, असे सांगितले जाते.

संघटनेचे १७९८ चे बंड मे महिन्यात पेटले तेव्हा दोघेही तुरुंगात होते. फाशीचे सत्र थांबावे म्हणून त्या उन्हाळ्यात एमेट, मॅक्नेव्हिन आणि संघटनेचे आणखी एक पुढारी आर्थर ओकॉनर यांनी सरकारशी करार केला: संघटनेच्या हेतूंची आणि कारभाराची माहिती द्यायची, मात्र कोणाचेही नाव सांगायचे नाही, आणि त्यानंतर देशाबाहेर जायचे. या निवेदनाला कबुलीजबाब म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण प्राण धोक्यात असतानाही त्यांनी सहकाऱ्यांची नावे उघड केली नाहीत. त्यांना अमेरिकेस जाऊ देण्यास अमेरिकेचे लंडनमधील राजदूत रूफस किंग यांनी विरोध केला, म्हणून फोर्ट जॉर्जची कैद वाट्याला आली.

सुटकेनंतर मॅक्नेव्हिन फ्रेंच सैन्याच्या आयरिश पलटणीत कॅप्टन झाले. आयर्लंडवरील स्वारीची आशा मावळल्यावर ते ४ जुलै १८०५ रोजी न्यूयॉर्कला उतरले. एमेट त्याआधीच, म्हणजे १८०४ मध्ये, तेथे पोहोचले होते. धाकटा भाऊ रॉबर्ट याला बंडाबद्दल सप्टेंबर १८०३ मध्ये डब्लिनमध्ये फाशी झाल्यानंतर मायदेशी परतण्याची वाटच उरली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये एमेट यांनी वैद्यकीकडे वळूनही पाहिले नाही. १८१२-१३ मध्ये ते काही महिने न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल होते, आणि वाफेच्या बोटींच्या मक्तेदारीवरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या गिबन्स विरुद्ध ऑग्डन या १८२४ च्या प्रसिद्ध खटल्यात त्यांनी ऑग्डन यांची बाजू मांडली. ती बाजू हरली. १८०७ च्या निवडणुकीत किंग उभे राहिले असता एमेट यांनी जाहीर पत्र लिहून जुना हिशेब मांडला. १४ नोव्हेंबर १८२७ रोजी ते न्यायालयातच कोसळले आणि त्याच दिवशी वारले.

मॅक्नेव्हिन मात्र १८०८ पासून न्यूयॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयात आधी प्रसूतिशास्त्र आणि नंतर रसायनशास्त्र शिकवत होते. अणुसिद्धांतावरील त्यांचे विवेचन १८१९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अमेरिकेतील रसायनशास्त्राच्या अध्यापनात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आयर्लंडहून येणाऱ्या निर्वासितांना काम मिळवून देण्यासाठीही ते झटले. १८४१ मध्ये त्यांचे निधन झाले.

ब्रॉडवेवरील सेंट पॉल्स चॅपलच्या आवारात दोघांचेही स्मृतिस्तंभ आहेत, पण दोघांपैकी कोणाचेही दफन तेथे झालेले नाही. गोंधळाला आणखी एक कारण आहे. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय इतिहासात ‘डॉक्टर थॉमस ॲडिस एमेट’ हे नाव वारंवार येते. ते या एमेट यांचे नव्हे, तर आजोबांच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, १८२८ मध्ये जन्मलेल्या नातवाचे आहे. हे नातू स्त्रीरोगतज्ज्ञ होते, आयर्लंडच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते होते, आणि आजोबांचे व रॉबर्टचे चरित्रही त्यांनीच लिहिले.