कॅन्सरचा रुग्ण घरात असेल तर: कोल्हापूर जिल्ह्यात कोणता अर्ज, कुठे आणि कधी

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरचे लोक आधी पैशाच्या मागे लागतात. दागिने, सोसायटीचं कर्ज, पाहुण्यांकडून उसनवारी. योजनेची चौकशी होते ती बिल भरून झाल्यावर. हा क्रम उलटा करा. खाली दिलेल्या उपचाराच्या योजनांमध्ये पैसे थेट रुग्णालयाला जातात, आधी भरलेल्या बिलाची परतफेड होत नाही.

पहिला दरवाजा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. १ जुलै २०२४ पासून ती आयुष्मान भारतसोबत विस्तारित रूपात चालू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पिवळं, केशरी असो की पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं, त्यामुळे 'आमचं पांढरं आहे, आम्हाला काय मिळणार' म्हणून घरी बसू नका. शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन तिन्ही यात बसतात, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) असो वा खाजगी, तिथे आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा टेबल असतो. आधार, रेशनकार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांनी लिहिलेला उपचार घेऊन आधी त्याच्याकडे जायचं. पुढची ऑनलाइन मंजुरी रुग्णालय घेतं.

घोडं अडतं ते नावावर. आधारला 'पांडुरंग', रेशनकार्डावर 'पांडू' आणि रिपोर्टवर नुसतं 'पी. पाटील' असलं की मंजुरी लटकलीच म्हणून समजा. नव्या सुनेचं नाव सासरच्या कार्डावर चढवलेलंच नसतं, तेही आजारपणात लक्षात येतं. लॅबमध्ये नमुना देतानाच आधारवरचं पूर्ण नाव सांगा. नंतर रिपोर्ट दुरुस्त करून घेण्यात आठवडा जातो. केमोच्या प्रत्येक सायकलला (फेरीला) वेगळी मंजुरी लागते, तेव्हा मूळ कागद दरवेळी बरोबर हवेत. डिस्चार्जच्या वेळी एसटीच्या दराने परतीचं भाडं देण्याची तरतूदही या योजनेत आहे. ते न मागता क्वचितच मिळतं. निपाणीकडच्या रुग्णांसाठी सांगायचं तर, कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना ही योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला. आपलं गाव यादीत आहे का आणि रहिवासाचा कोणता दाखला लागेल, हे आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या. तक्रार किंवा शंका असेल तर १५५३८८ वर फोन करायचा.

जो उपचार योजनेत बसत नाही, त्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं. अर्जासोबत तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि रुग्ण दाखल असल्याचा जिओ टॅग फोटो (ज्यात ठिकाणाची नोंद असते) लागतो. रुग्णालय निधीच्या यादीत असलं पाहिजे. आता यासाठी मंत्रालयात खेटे घालायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष आहे.

ट्रस्टचं मोठं रुग्णालय असेल तर तिथल्या समाजसेवकाला धर्मादाय खाटांबद्दल विचारा. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असलेल्यांना मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असलेल्यांना सवलतीत उपचार मिळतात. दोन्हींसाठी १०-१० टक्के खाटा राखीव असतात.

आता ज्याची चौकशी सगळ्यात कमी होते ते, म्हणजे प्रवास, दुखणं आणि महिन्याचा खर्च.

परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्यांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट ऑनलाइन काढू नये. कॅन्सर रुग्णाची सवलत स्टेशनच्या आरक्षण खिडकीवरच मिळते. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री एसीमध्ये रुग्णाचं मूळ भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाने रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात सही-शिक्क्यानिशी दाखला द्यावा लागतो. साध्या लेटरहेडवर लिहून आणलेली चिठ्ठी खिडकीवरून परत येते.

दुखण्यासाठी वेगळा अर्ज नाही, पण नियम माहीत हवा. मॉर्फिनच्या गोळ्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयं त्या ठेवू शकतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देतात, घरच्यांना कसलाही परवाना लागत नाही. 'मॉर्फिन म्हणजे आता शेवट' असं समजून माणसं रात्र रात्र कण्हत काढतात. तसं काही नाही. उपचार चालू असतानाही त्या दिल्या जातात, डॉक्टरांना सरळ विचारा.

महिन्याच्या खर्चासाठी संजय गांधी निराधार अनुदान. वय १८ ते ६५, राज्यात किमान १५ वर्षांचा रहिवास आणि कॅन्सरसारख्या आजाराने कमावता न येणं, या अटी आहेत. महिन्याला १५०० रुपये थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूमध्ये द्यायचा. सोबत आजाराचा दाखला हवा, तोही जिल्हा शल्यचिकित्सकांचा किंवा सरकारी रुग्णालयाच्या अधीक्षकांचा. खाजगी डॉक्टरांचा चालत नाही. चंदगड, आजऱ्याकडच्या माणसाचा कोल्हापूरला येण्यात अख्खा दिवस मोडतो, म्हणून सीपीआरला केमोला किंवा तपासणीला आलेल्या दिवशीच या दाखल्याचं विचारावं. अडचण उत्पन्नाची आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. ही मर्यादा आजच्या महागाईत हास्यास्पद आहे, पण नियम तोच. त्यामुळे ४८ हजारांचा दाखला मुख्यमंत्री निधीला चालतो आणि इथे बाद होतो.

दिव्यांगांसाठी मात्र हीच मर्यादा ५० हजार आहे आणि २०२५ पासून रक्कमही २५०० झाली आहे. कॅन्सर हा आजार म्हणून दिव्यांगत्वाच्या यादीत नाही, पण त्याने मागे ठेवलेलं व्यंग असू शकतं. घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं तर २०१६ च्या कायद्यानुसार ते वाचादोषात मोडतं. हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय गेला असेल तर अस्थिव्यंगात. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज भरून तपासणीचं ठिकाण म्हणून सीपीआर निवडायचं. तपासणीला जाताना शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज पेपर न्यायचा, त्यात काय काढलं ते स्पष्ट लिहिलेलं असतं. योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं तर त्यावरची फेरतपासणीची तारीख फायलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.