राजा मनात आलं की पंतप्रधान बदलतो? नाही हो

आमच्या म्हापशात बऱ्याच घरांतलं कोण ना कोण इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात आहे, त्यामुळे ब्रिटनचा विषय निघतोच आणि दरवेळी कोणीतरी ठासून सांगतं की तिकडे खरी सत्ता राजाची, पंतप्रधान म्हणजे त्याचा दिवाण, नको झाला की काढला. हे साफ चूक आहे.

नेमणूक राजा करतो हे खरं, पण कोणाची करायची ते कॉमन्स म्हणजे संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहातल्या 650 खासदारांचं बहुमत ठरवतं. स्वतःच्या मर्जीने पंतप्रधान काढणारा शेवटचा राजा चौथा विल्यम, 1834 साली त्याने पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नला पदावरून घालवलं, मग निवडणूक झाली आणि पाचेक महिन्यांत तोच मेलबर्न परत पंतप्रधान! संसदेने पास केलेल्या बिलाला नकार तर 1708 नंतर कोणीच दिलेला नाही.

संसदेत राजा जे भाषण वाचतो तेही सरकारनेच लिहिलेलं असतं. आपल्याकडे पर्वरीला गोवा विधानसभेत राज्यपालांचं अभिभाषण असतं ना, अगदी तसंच, "माझं सरकार" म्हणायचं पण शब्द मंत्रिमंडळाचे. राजा दर आठवड्याला पंतप्रधानाला भेटतो, सल्ला देतो, सावध करतो, पण निर्णय त्याचा नाही. 2019 मध्ये राणीने पंतप्रधान बोरिस जॉन्सनच्या सल्ल्याने संसद स्थगित केली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवला तो जॉन्सनचा सल्ला.

आणि हो, गोवा ज्यांच्या ताब्यात होता त्या पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारही कुठल्या राजाचा पंतप्रधान नव्हता, पोर्तुगालची राजेशाही 1910 लाच संपली होती, तो 1932 ला पंतप्रधान झाला.