मांडवीतली बोट म्हणजे क्रूझ नव्हे

"आम्ही क्रूझवर जाऊन आलो," असं सांगलीत कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो, कुठल्या? कारण आपल्याकडे हा एक शब्द तीन गोष्टींना चिकटलाय. पणजीला संध्याकाळी तासभर फिरवून आणणारी नाचगाण्याची बोट, मांडवीत नांगर टाकून उभी असलेली कॅसिनोची बोट, आणि मुंबई, सिंगापूर किंवा मायामीहून सुटून चार-पाच दिवस खऱ्या समुद्रात जाणारं जहाज. पहिलीत जुगारच नसतो, तिला बाजूला ठेवू. उरलेल्या दोन एकच समजल्या जातात आणि तिथे माणसं फसतात. मी कर सल्लागार आहे. विवरणपत्रांच्या हंगामात हा गोंधळ माझ्या टेबलावर कागदांच्या रूपात येतो, आणि दरवर्षी तेच समजावून मी थकलोय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मांडवीतली बोट तुम्हाला माहीत आहे. मिरजेहून रेल्वेने किंवा आंबोली-चोर्ल्याच्या घाटाने गोवा, पणजीच्या जेटीवर तिकीट, छोट्या बोटीतून मोठ्या बोटीवर, जेवण तिकिटातच, आणि वर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या. वय २१ पूर्ण हवं. गोव्यातल्याच माणसाला २०२० पासून खेळण्याच्या जागेत प्रवेश नाही. यात नवीन सांगण्यासारखं काही नाही.

नवीन सांगायचंय ते एका शब्दाबद्दल. या बोटींना सरकारी कागदातही 'ऑफशोअर' म्हणतात. ऑफशोअर म्हटलं की आपल्या मनात किनारा सुटतो, समुद्र येतो आणि पाठोपाठ 'तिथे आपला कायदा नाही' हेही येतं. पण बोट उभी आहे ती नदीत. आयर्विन पुलाखाली कृष्णेच्या पात्रात कुणी नाव बांधली आणि तीत पत्ते मांडले, तर ती नाव महाराष्ट्राबाहेर जाते का? नाही ना? मग मांडवीतली बोटसुद्धा गोवा राज्याबाहेर गेलेली नाही. ती गोव्याच्या हद्दीत, गोव्याच्या परवान्यावर, गोव्याच्या कायद्याखाली उभी आहे.

हा कायदा १९७६ चा. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला, म्हणजे पैसे लावून चक्रं फिरवायच्या यंत्राला, परवानगी मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने बोटींवर टेबलचे खेळही आले. म्हणून जमिनीवरच्या हॉटेलात मशीन आणि बोटीवर रुलेट-पत्तेसुद्धा, अशी विभागणी दिसते. बोट पाण्यावर आहे म्हणून कायद्यातून सुटली, असं अजिबात नाही. तिला पाण्यावर ठेवायचं हेच कायद्याने ठरवलंय. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली ३४ वी नोंद 'पैज आणि जुगार' अशी आहे, म्हणजे हा विषय राज्यांचा. त्यामुळेच घाटाच्या अलीकडे १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा आणि पलीकडे परवाना, असं घडतं. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोसाठी कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. 'महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा आहे, फक्त परवाने द्यायचे राहिलेत' असं अजून कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला हे वर्ष सांगा.

आता समुद्रातलं जहाज. इथे मला सगळ्यात जास्त खटकणारं वाक्य ऐकू येतं: "बारा मैलांपुढे कायदाच नसतो." सहलीचं बुकिंग करणारेसुद्धा हे सर्रास सांगतात. हे चूक आहे, आणि नुकसान करणारी चूक आहे.

बारा मैल म्हणजे बारा सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. सांगली-तासगाव अंतराच्या आसपास. एवढ्या पट्ट्यात किनाऱ्यावरच्या देशाची पूर्ण सत्ता चालते. भारताने हे १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्यात लिहून ठेवलंय. पट्टा संपला की किनाऱ्याच्या देशाचा जुगाराचा कायदा मागे पडतो, इथवर खरं आहे. पण त्या जागी पोकळी येत नाही. जहाज ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाचा कायदा जहाजासोबत चालत असतो. जहाजाच्या मागच्या बाजूला, नावाखाली, नोंदणीच्या बंदराचं नाव रंगवलेलं असतं. नासाऊ असेल तर बहामा, व्हॅलेटा असेल तर माल्टा, हॅमिल्टन असेल तर बर्म्युडा. पनामाची जहाजंही पुष्कळ. चढताना ते नाव वाचा. कंपनीचं कार्यालय कुठे आहे, जहाज कुठून सुटलं, तुमचा पासपोर्ट कुठला, यापेक्षा ते नाव महत्त्वाचं.

त्यावर दुसरा थर बंदराच्या देशाचा. जहाज धक्क्याला लागलं की कॅसिनोचे दिवे मालवतात आणि मशीन कुलूपबंद होतात, कारण जहाज आता त्या देशाच्या हद्दीत आलेलं असतं. याला अपवाद आहेत. बर्म्युडाने २०१३ मध्ये कायदा करून बंदरात उभ्या जहाजांना रात्री कॅसिनो चालवायची मुभा दिली. उलट अमेरिकेच्या हवाई बेटांवर जुगाराला थाराच नाही, आणि त्या बेटांभोवती फिरणाऱ्या अमेरिकी झेंड्याच्या, म्हणजे अमेरिकेत नोंदलेल्या, जहाजावर कॅसिनोच नाही. अमेरिकेने तर १९५१ च्या कायद्याने आपल्या झेंड्याच्या जहाजांवर जुगाराची यंत्रं ठेवायलाच बंदी घातली होती. १९९२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय पाण्यापुरती सैल केली. म्हणजे भर समुद्रातसुद्धा झेंड्याचा देश नको म्हणाला, तर नको. याला 'कायदा नसतो' कसं म्हणायचं?

तिसरा थर तिकिटाचा करार. तो कुणी वाचत नाही. बुकिंग करताना 'मान्य' वर बोट दाबलं की तो झाला. वाद कुठल्या देशात, कुठल्या न्यायालयात न्यायचा, किती दिवसांत लेखी कळवायचं, हे त्यात असतं. अशा करारातली न्यायालयाची अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वैध ठरवली. वॉशिंग्टन राज्यातल्या प्रवाशांना दावा फ्लोरिडात लावा, असं सांगितलं गेलं. देश एकच असून त्यांची ही अवस्था, तर सांगलीच्या माणसाचं काय होईल?

हे सगळं मी इतकं ताणून सांगतोय, कारण याचा थेट संबंध मशीन जे पैसे देतं त्यांच्याशी आहे.

आपल्याकडचा ऊस उत्पादक दोन गोष्टींवर जीव तोडून भांडतो: वजनाचा काटा आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचा टक्का. का? कारण कारखान्याच्या गव्हाणीशी उभं राहून डोळ्यांनी त्यातलं काहीच कळत नाही. आपली ट्रॉली किती भरली याचा अंदाज येतो, पण काटा शंभर किलो खातोय का ते दिसत नाही. उतारा साडेदहा की साडेअकरा, हे मोळी हातात घेऊन सांगता येत नाही. म्हणून बाहेरचा माणूस काटा तपासतो, म्हणून १०.२५ टक्क्यांच्या मूळ उताऱ्यावर भाव ठरतो, आणि म्हणून आंदोलनं होतात. स्लॉट मशीनचं अगदी तसंच आहे. त्याचा परताव्याचा टक्का, म्हणजे लावलेल्या पैशातलं सरासरीने किती परत येतं, ते खुर्चीवर बसून कळत नाही.

कसं ते बघा. वीस रुपयांचा एक डाव, तासाला पाचशे डाव, म्हणजे दहा हजारांची उलाढाल. परतावा ९२ टक्के असेल तर सरासरी तोटा ८०० रुपये. ८५ टक्के असेल तर १,५००. फरक ७०० रुपयांचा. पण एका तासात नशिबाने होणारी खाली-वर त्याहून कितीतरी मोठी असते, त्यामुळे हा फरक तिच्यात बुडून जातो. 'हे मशीन सैल आहे', 'हे तापलंय', 'जहाज हललं की देतं' हे सारे मनाचे खेळ. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी आतली प्रणाली यादृच्छिक आकडा उचलते. फिरणारी चक्रं नंतर तो निकाल दाखवतात. चक्रावर दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येवरून शक्यता मोजणंही व्यर्थ. पडद्यामागे एका चित्राला कितीही आकडे वाटून देता येतात. या पद्धतीचं पेटंट १९८४ सालचं आहे.

टक्क्याचा अर्थ लावतानाही हमखास चूक होते. '९० टक्के परतावा म्हणजे हजारातले नऊशे घेऊन मी उठणार.' नाही. टक्का तुम्ही खिशातून काढलेल्या पैशावर नसतो, फिरवलेल्या पैशावर असतो. मार्केट यार्डातल्या अडतीसारखा. हळदीची तीच पोती दहा वेळा विकली-घेतली, तर अडत दहा वेळा जाईल. हजार रुपये एकदा फिरवले की सरासरीने नऊशे, तेच परत फिरवले की ८१०, मग ७२९, आणि दहाव्या फेरीला साडेतीनशेच्या आत. टक्का मात्र शेवटपर्यंत नव्वदच होता. शिवाय मशीन वाजतं, चमकतं, 'जिंकलात' म्हणतं, तेव्हा बऱ्याचदा वीस लावून आठ परत आलेले असतात. तो बारा रुपयांचा तोटा आहे. वाजण्यावर हिशेब करू नका.

तर प्रश्न असा: टक्का डोळ्यांना दिसत नाही, मग काटा कोण तपासतं? अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात किमान ७५ टक्के परताव्याचा नियम आहे, न्यू जर्सी राज्यात ८३ टक्के. नेव्हाडाचं नियामक मंडळ मशीननी किती पैसे ठेवून घेतले याचे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध करतं. वाद झाला तर ग्राहक मंडळाकडे तक्रार करू शकतो आणि मंडळाचा माणूस चौकशी करतो. हे सगळं जमिनीवर. भर समुद्रातल्या जहाजावर असं मंडळ चढत नाही. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती ऐच्छिक आहेत. कंपन्या आपल्या मशीनचे टक्के प्रसिद्ध करत नाहीत. म्हणून जहाजावरचं मशीन खोटं असतं, असं मी म्हणत नाही. पण काटा ज्याचा, तपासणाराही तोच, एवढं समजून बसा.

दोन वर्षांपूर्वी एक हळद व्यापारी मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा परदेशातून सुटणाऱ्या जहाजावर गेला होता. मशीनवर मोठी रक्कम झळकली, पडदा गोठला, आणि तिथल्या माणसाने मशीनवरची बारीक अक्षरांतली पट्टी दाखवली: बिघाड झाल्यास सर्व डाव आणि सर्व देणी रद्द. ही पट्टी जमिनीवरच्या मशीनवरही असते. फरक असा, की जमिनीवर बिघाड खरंच झाला होता का, हे बाहेरचा माणूस ठरवू शकतो. इथे कंपनीच्याच तंत्रज्ञाने ठरवलं. "आपण गोव्याच्या गेमिंग कमिशनरकडे अर्ज करू," असं वडील म्हणत होते. कारण त्यांच्या लेखी दोन्ही क्रूझच. मी त्यांना तिकिटाचा करार उघडायला लावला. लेखी कळवायची मुदत संपून गेली होती. पट्टीचा, पडद्याचा फोटो नव्हता. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. वाद घालायची वेळ आलीच, तर पणजीला जाऊन उभं राहणं मला केव्हाही सोपं वाटतं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. जहाजांवर वयाची अट बहुधा १८, काहींवर २१. व्यवहार बहुधा डॉलरमध्ये, आणि खोलीच्या खात्यावरून कॅसिनोसाठी पैसे उचललेत तर काही कंपन्या वर शुल्क लावतात, तेव्हा आधी विचारा. गोव्यात चिप्ससाठी दिलेल्या रकमेवर जीएसटी, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. कपडे, सिगारेट, जेवण यांवर मी शब्द खर्च करत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे, आणि नेमकी तीच वेगळी समजली जाते. कर. भारतात निवासी असलेल्या माणसाची जगभरातली कमाई इथे करपात्र असते. झेंडा बहामाचा असो की पनामाचा, बारा मैल असोत की बाराशे. जुगारातल्या कमाईवर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. मूळ सवलतमर्यादा तिला लागू नाही, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. गोव्यात १०,००० च्या वरच्या जिंकण्यावर कर तिथेच कापला जातो, त्यामुळे तो कागदावर येतो आणि लक्षात राहतो. परदेशी जहाजावर भारताचा कर कुणी कापत नाही, म्हणून माणसं धरून चालतात की तो नाहीच. असतो, आणि तो आपणहून भरायचा असतो. जहाजावरून उतरताना खोलीच्या खात्याचा उतारा, कॅसिनोची पावती आणि रक्कम बदलून घेतल्याची चिठ्ठी, हे तीन कागद सोबत आणा. उतरल्यावर ते मागवायला ईमेलवर ईमेल करावे लागतात, आणि जुलै तोपर्यंत उलटून जातो.