रूपक येतो म्हणजे मिक्स मीटर आलं असं नाही

माझ्याकडं एक पोरगा येतो, इथंच सोलापुरात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो, हात एकदम साफ. परवा म्हणाला, सर मला रूपक येतो, म्हणजे मिक्स मीटर पण आलंच की. नाही ना बाबा. रूपक हा आपला ताल, आणि मिक्स मीटर म्हणजे पाश्चात्त्य संगीतात चालू वाजवण्यातच मोजणी बदलत जाणं. दोन्हीकडं मोजणी वाकडी वाटते म्हणून गोंधळ होतो, आणि हा गोंधळ इतक्या जणांचा बघितलाय की शेवटी लिहायलाच बसलो.

रूपक सात मात्रांचा, म्हणजे सात ठोक्यांचा. तीं तीं ना, धीं ना, धीं ना, म्हणजे तीन-दोन-दोन, आणि खाली, म्हणजे टाळी न देता नुसता हात हलवायची जागा, समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच येते ही त्याची खास गोष्ट. सात हा आकडा विषम, पण आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, दरवेळी तेवढंच, पाच मिनिटं वाजवा नाहीतर तासभर, सम सात मात्रांनीच भेटणार. बल्गेरियात रुचेनित्सा नावाचा नाच आहे, तोपण सातचाच, फक्त उलटा, दोन-दोन-तीन. असला ताल एकदा अंगात बसला की मोजावं लागत नाही.

मिक्स मीटरमध्ये अंगात बसायला तसं काही मिळतच नाही. एक बार, म्हणजे मोजणीचा एक तुकडा, ४/४, पुढचा ३/४, मग ५/८, की परत भलतंच. वरचा आकडा म्हणजे बारमध्ये मात्रा किती, खालचा म्हणजे मात्रा केवढी. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीचं राइट ऑफ स्प्रिंग हे बॅले १९१३ साली पॅरिसला पहिल्यांदा झालं, त्यातल्या शेवटच्या नाचात जवळपास दर बारला आकडा बदलत राहतो. तिथं सम शोधत बसलात तर गेलात.

एक मात्र आहे, ४/४ आणि ३/४ शेवटपर्यंत आलटून पालटूनच येत असतील तर कागदावर दोन मीटर दिसले तरी कानाला ते सातचं आवर्तनच आहे, बिनधास्त तालासारखं मोजा.

आता रियाज. रूपकात आपल्याकडच्या पोरांची चूक ठरलेली, सातवी झाली की नकळत आठवी घालतात. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, भजनी ठेका लहानपणापासून कानावर, तो आठाचा, त्यामुळं सातनंतर आपोआप श्वास घेतला जातो. दुसरं म्हणजे एक ते सात सरळ आकडे म्हणू नका. एक, दोन, तीन, चार, पाच एकेका झटक्यात निघतात, पण 'सहा' म्हणायला स-हा असे दोन झटके लागतात आणि लय वाढवली की बरोबर तिथंच जीभ अडकते. त्यापेक्षा एक दोन तीन, एक दोन, एक दोन असं म्हणत टाळी द्या.

सोलापूरच्या पूर्व भागात कुठं धोट्याचे, म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या लाकडी तुकड्याचे, जुने माग चालू असतील तर तिथं उभं राहून हे करून बघा, मी करायचो. धोटा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, दोन्ही बाजूंचा आवाज जरा वेगळा. त्याच्यावर सात मोजले की एकदा सम डाव्या ठोक्यावर येते, पुढची उजव्या, चौदा ठोके झाले की परत डाव्या. तुमची सम अशी बाजू बदलत राहिली तर सात पक्के, सारखी एकाच बाजूला यायला लागली तर समजा आठवी शिरली.

मिक्स मीटरला ही युक्ती चालत नाही, तिथं आवर्तन सोडून सगळ्यात छोटा ठोका धरायचा. खालचा आकडा ४ असेल तर प्रत्येक मात्रेत दोन छोटे ठोके, ८ असेल तर एकच. मग दोनला तक, तीनला तकिट. हे कर्नाटकी पद्धतीचे बोल, आपल्याकडं तेलुगू-कानडी घरं भरपूर, त्यातल्या कुणी मृदंगम शिकलेलं असेल तर शेजारी बसून नीट शिकून घ्या. ४/४ ला तक चार वेळा, ३/४ ला तीन वेळा, ५/८ ला तक तकिट. ३/४ आणि ६/८ मध्ये मात्र डोकं ठिकाणावर ठेवा, दोन्हीत छोटे ठोके सहाच, पण पहिल्यात तक तक तक आणि दुसऱ्यात तकिट तकिट. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय देणारं यंत्र, छोट्या ठोक्यावर लावा आणि त्याची बारच्या सुरुवातीची टिंग बंद करा, नाहीतर ती भलत्याच जागी वाजून तुम्हाला ओढून नेते.

आमचा पोरगा सध्या ५/८ वर अडकलाय. तकिट संपला की थांबतो, सहावा ठोका घालतो, मग पुढचा बार उशिरा. म्हणून एकच ओळ दिलीय, ४/४, ३/४, ५/८, म्हणजे आठ, सहा, पाच, असे एकोणीस छोटे ठोके, काठ्या खाली ठेवून, नुसतं तोंडानं, रोज वीस मिनिटं.