फूल कुठल्या फांदीवर येते? घरच्या बागेसाठी माहितीपत्रक

रोप जगवणे फारसे अवघड नसते. त्याला फुलवणे आणि आलेले फळ टिकवणे हे वेगळे काम आहे. पानांनी गच्च भरलेली पण एकही फूल नसलेली जास्वंद, कळ्या गाळणारा मोगरा, भरभरून फुलून फळ न धरणारे डाळिंब, अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी चारच गोष्टी निघतात: अपुरे ऊन, मुळांशी साचलेले पाणी, खताचा अतिरेक आणि चुकीच्या वेळी चाललेली कात्री. कात्रीबद्दल सगळ्यांत कमी सांगितले जाते, म्हणून या पत्रकात तिला जास्त जागा दिली आहे.

ऊन आधी, रोप नंतर

रोप निवडण्यापूर्वी एक दिवस जागेवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी नजर टाका आणि थेट ऊन किती तास पडते ते लिहून ठेवा. गुलाब, झेंडू, बोगनवेल, डाळिंब, लिंबू, अंजीर यांना किमान ६ तास लागतात. ३ ते ४ तासच मिळत असतील तर अबोली, तेरडा, बेगोनिया लावा. मोगरा तिथे जगेल, पण फुले मोजकीच येतील. काचेआडून येणारा उजेड थेट उन्हात धरू नका. ऋतूनुसार सूर्याची वाट सरकते, तेव्हा थंडीत उजळलेला कोपरा उन्हाळ्यात भिंतीच्या सावलीत जाऊ शकतो. कुंडी हलवता येते, जमिनीतले झाड नाही, एवढे ध्यानात ठेवून जागा ठरवा.

कुंडी, माती आणि खड्डा

नवे रोप घरी आणल्यावर आठवडाभर अर्धसावलीत ठेवा आणि मग कुंडी बदला. झेंडू, पिटुनिया यांना ८ इंची कुंडी पुरते. गुलाब, मोगरा, जास्वंद यांना १२ ते १४ इंची आणि डाळिंब, लिंबू, अंजीर, तुती यांना शेवटी १८ इंची लागते. शेवटी म्हणजे एकदम नव्हे. छोटे रोप थेट मोठ्या कुंडीत लावले तर मुळे जिथवर पोहोचलेली नसतात तिथली माती दिवसेंदिवस ओलीच राहते आणि मुळे कुजतात. दर वेळी २ ते ४ इंचांनी मोठी कुंडी घ्या.

मिश्रणासाठी ४ भाग बागेची माती, ३ भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, २ भाग कोकोपीट आणि १ भाग भरड वाळू किंवा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) घ्या. ताजे शेण मुळे भाजते. कोकोपीट आधी भिजवून, एकदा धुऊन, पिळून घ्या, कारण त्यात क्षार असू शकतात.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिचा उपयोग नाही. बारीक माती पूर्ण भिजून गच्च झाल्याशिवाय पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही. म्हणजे ओल खाली जाण्याऐवजी वर मुळांपाशी सरकते आणि मातीची जागाही कमी होते. छिद्रावर खापराचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन ठेवला की झाले.

जमिनीत लावताना आधी निचरा तपासा. १ फूट खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी काही तासांत उतरले तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशीही डबके दिसले तर तिथे खड्डा न करता ९ ते १२ इंच उंच वाफा घालून त्यात लावा. लागवडीचा खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण दुप्पट ते तिप्पट रुंद हवा. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळे बोटांनी मोकळी करा, नाहीतर ती पुढेही तशीच वेटोळे घालत राहतात. कलमाचा जोड (वरची फांदी आणि खालचे मूळ झाड जिथे सांधलेले असते ती जागा) मातीपासून निदान २ इंच वर राहिलाच पाहिजे.

आता कात्री

एखाद्या झाडाला फूल नव्या फुटीवर येते की गेल्या हंगामातल्या फांदीवर, हे कळल्याशिवाय छाटणी करू नका. आपल्या बागेतली बहुतेक झुडपे नव्या फुटीवर फुलतात, म्हणून छाटल्यावर जोमाने फुलतात. हायड्रेंजियाच्या मोठ्या, गोल गुच्छांच्या जातींचे मात्र उलटे आहे. त्यांच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या जुन्या फांद्यांच्या शेंड्यांत आधीच तयार होऊन बसतात. फुलण्याच्या आधी त्यांना छाटले की वर्षभर फक्त पाने. त्यांची छाटणी फुले संपताच करा.

गुलाबाची फांदी कापताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा (पानाच्या बगलेतला, फूट येणारा अंकुर) निवडा आणि त्याच्या अर्धा सेंटीमीटर वर तिरका काप द्या. डोळा आतल्या बाजूचा निवडला तर फांद्या मधोमध गर्दी करतात, हवा खेळत नाही आणि पानांवर काळे ठिपके पडण्याचा रोग बळावतो. सुकलेले फूल नुसते खुडू नका. खाली पाच पर्णिका असलेले पहिले धडधाकट पान शोधून त्याच्या वर कापा. कलमाच्या जोडाखालून येणारा धुमारा खुंटाचा, म्हणजे ज्या मूळ झाडावर कलम बांधले त्याचा, असतो. तो वरून कापला की दुप्पट जोमाने येतो, म्हणून माती सारून मुळापाशी ओढून काढा.

जास्वंदीचे बहुतेक जातींतले फूल एकच दिवस टिकते आणि ते नव्या फांदीवर पानांच्या बगलेत येते. म्हणजे फूल हवे तर फांदी सतत वाढती हवी. सगळे झाड एकाच वेळी छाटले तर काही आठवडे फुलांविना जातात. त्याऐवजी एक तृतीयांश फांद्या छाटा, तीन आठवड्यांनी पुढच्या एक तृतीयांश.

मोगऱ्याला थंडी सरताना निम्म्यापर्यंत छाटा आणि उरलेली जुनी पाने काढून टाका. नवी फूट आणि कळ्या सोबतच येतात. प्रत्येक बहर ओसरला की फांदीची वरची दोन पेरे कापा, म्हणजे पुढचा बहर लवकर येतो. बोगनवेलीचा रंग हा मुळात रंगीत पानांचा असतो. खरे फूल आतली छोटी, फिकट नळी. या वेलीला लाड मानवत नाहीत: थोडी घट्ट कुंडी द्या, पाने जराशी मलूल होईपर्यंत पाणी लांबवा, मग भरपूर द्या. रोज पाणी आणि दर पंधरवड्याला नत्र (नायट्रोजन) मिळालेली बोगनवेल हिरवीच राहते.

डाळिंबाबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. फुले प्रामुख्याने आखूड फुटव्यांच्या टोकाला येतात. कुंपणाची मेंदी कातरावी तसे डाळिंब चहूबाजूंनी कातरले तर नेमकी फुलांचीच टोके जातात. बुंध्यापासून ३ ते ४ खोडे ठेवा, बाकीचे धुमारे काढा, मधली गर्दी विरळ करा, आणि टोकांना हात लावू नका. दुसरे असे की डाळिंबाला दोन तऱ्हेची फुले येतात. बुडाशी फुगीर, सुरईच्या आकाराच्या फुलांना फळ धरते. बुडाशी निमुळती, घंटेसारखी फुले नर असतात आणि गळूनच जातात. ती गळताना पाहून औषध फवारू नका.

लिंबाला कात्री कमीत कमी लावा. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि सरळ वर धावणारे, मोठ्या काट्यांचे पाणसोट एवढेच काढा. बियांपासून केलेल्या लिंबाला फळ यायला बरीच वर्षे लागतात. कलम किंवा गुटी (झाडावरच्या फांदीला मुळे फोडून तयार केलेले रोप) केलेले झाड साधारण दोन ते तीन वर्षांत धरते. पेरूला फळ नव्या फुटीवर येते, तेव्हा तोडणी झाली की टोके ४ ते ६ इंच छाटा. सरळ वाढणारी फांदी सुतळीने आडवी ओढून बांधली तर तिच्यावर फुटवे आणि फुले जास्त येतात. तुतीचे काम सगळ्यांत सोपे: फळे संपली की फांद्या आखूड करा, पाने ओरबाडा, पाणी द्या. नवी पालवी आणि फळे बरोबरच बाहेर पडतात. अंजीर छाटताना हातमोजे घाला, कारण त्याचा चीक त्वचेला झोंबतो.

शेवंतीचे तंत्र वेगळे आहे. रोप ४ ते ६ इंच झाले की शेंडा खुडा, बाजूचे फुटवे वाढले की त्यांचेही खुडा. कळ्या मात्र रात्र लांबली की धरतात. कुंडीवर रात्रभर दिवा जळत असेल, तर झाडाच्या लेखी रात्र पुरेशी लांब होतच नाही आणि निरोगी शेवंतीही फुलायला नकार देते. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवा.

पाणी आणि खत

वेळापत्रकाने पाणी देऊ नका. बोट दोन पेरे मातीत खुपसा. कोरडे लागले तर खालच्या छिद्रातून वाहीपर्यंत द्या, ओले लागले तर थांबा. ताटलीत साचलेले पाणी ओतून टाका. माती ओली असूनही झाड मान टाकत असेल आणि खालची पाने पिवळी पडत असतील, तर ती तहान नाही, मुळे गुदमरली आहेत. अशा वेळी आणखी पाणी दिले की झाड गेलेच म्हणून समजा. वरच्या मातीवर दोन इंच सुक्या पानांचे आच्छादन ठेवा, फक्त ते खोडाला टेकू देऊ नका.

१२ इंची कुंडीला दर दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड वरच्या मातीत मिसळा. जोमाच्या वाढीत १९:१९:१९ हे विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के) लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीतच द्या. कळ्या दिसू लागल्यावर ते थांबवून ०:५२:३४ तेवढ्याच प्रमाणात वापरा. नत्र जास्त झाले की पाने मोठी, गडद आणि मऊ होतात, फुले थांबतात आणि मावा धावून येतो. चमचाभर जास्त टाकल्याने फूल लवकर येत नाही. पानांच्या कडा मात्र करपतात.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, असे जास्वंद, लिंबू, एक्झोरा यांत दिसले तर लोह कमी पडले आहे. बहुधा माती किंवा पाणी अल्कधर्मी असते, म्हणून लोह असूनही मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोह (अशा मातीतही मुळांना घेता येणाऱ्या रूपातले लोह) पाकिटावरच्या मात्रेत द्या. तसेच पिवळेपण जुन्या पानांवर आले तर मॅग्नेशियमची कमतरता समजा आणि लिटरला ३ ग्रॅम एप्सम सॉल्ट फवारा.

कीड

औषधाआधी पान उलटून पाहा. मावा आणि लाल कोळी (पानांचा रस शोषणारे अगदी बारीक कीटक व कोळी) पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बऱ्याच अंशी धुऊन जातात. पिठ्या ढेकूण (पांढऱ्या, पीठ लागल्यासारख्या दिसणाऱ्या किडी) कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. ५ मिली निंबोळी तेल आणि १ ते २ मिली द्रवरूप साबण एक लिटर पाण्यात ढवळून, संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारा आणि आठवड्याने पुन्हा करा. उन्हात फवारल्यास पाने भाजतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर त्या मावा आणि पिठ्या ढेकणाच्या गोड स्रावासाठी आल्या आहेत. मुंग्या त्या किडींची राखणही करतात, तेव्हा त्यांची वाट तोडल्याशिवाय फवारणी टिकत नाही. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते. मोठ्या झाडावर तिला खाऊ द्यायला हरकत नाही, लहान रोपावरून हाताने उचला.

फळ धरल्यावर

कुंडीतल्या झाडाला पहिल्या वर्षी फळ ठेवू नका. फुले खुडा, ताकद मुळांना आणि खोडाला जाऊ द्या. पुढेही एका गुच्छात एकच डाळिंब ठेवा. वाटाण्याएवढी लिंबे थोडी गळणारच, झाड पेलवेल तेवढीच धरते. डाळिंब आणि पेरू लिंबाएवढे झाले की कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. फळ पोखरणारी अळी आणि फळमाशी यांच्यावर घरच्या बागेत याहून खात्रीचा उपाय नाही. डाळिंब तडकते ते बहुधा पाण्याच्या अनियमितपणामुळे: बरेच दिवस कोरडे, मग एकदम भरपूर पाणी, की आतले दाणे फुगतात आणि कडक झालेली साल ताणली जात नाही.

डाळिंब आणि अंजीर तोडल्यावर पिकत नाहीत, म्हणून घाई नको. डाळिंबाची गोलाई जाऊन बाजूंना हलके कोपरे आले आणि टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला की कात्रीने देठासह कापा. अंजीर मऊ होऊन मान खाली घालते तेव्हा तयार असते. पेरू रंग पालटू लागताच काढला तरी घरात पिकतो. काळी तुती बोट लागताच हातात येते. ओढावी लागली तर ती अजून आंबट आहे.