उइगुर आणि इंडोनेशियन भाषांची तुलना

उइगुर ही तुर्की भाषाकुलाच्या कार्लुक शाखेतील भाषा. ती मुख्यतः चीनच्या शिंजियांग (जुने मराठी लेखन सिंक्यांग) प्रदेशात आणि काही प्रमाणात कझाकस्तान, किर्गिझस्तान व उझबेकिस्तानात बोलली जाते. तिला सर्वांत जवळची भाषा उझबेक. इंडोनेशियन अर्थात ‘बहासा इंडोनेशिया’ हे मलय भाषेचे प्रमाणित रूप असून ती ऑस्ट्रोनेशियन कुलातील मलयो-पॉलिनेशियन शाखेत मोडते. दोन्ही भाषांत आनुवंशिक नाते नाही. तुलना उद्‌बोधक ठरते ती नामकरण, लिपी, रचना आणि उसनवारी या बाबतींत.

दोन्ही भाषांची आजची नावे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातली आहेत. पूर्व तुर्कस्तानातील (आजच्या शिंजियांगमधील) लोक आपल्या बोलीला ‘तुर्की’ म्हणत किंवा स्वतःची ओळख काश्गरलिक, खोतनलिक अशी गावावरून सांगत. ‘उइगुर’ हे मध्ययुगीन नाव १९२१ मध्ये ताश्कंद येथील परिषदेत पुन्हा स्वीकारले गेले. शिंजियांगमध्ये ते १९३० नंतरच्या दशकात अधिकृत झाले. इंडोनेशियनचे नाव तर नवेच. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हिया (आजचे जाकार्ता) येथे तरुणांनी घेतलेल्या शपथेत मलयला ‘बहासा इंडोनेशिया’ म्हटले गेले, आणि १९४५ च्या राज्यघटनेने ती राष्ट्रभाषा ठरवली. जावानी भाषकांची संख्या कितीतरी मोठी असूनही बंदरोबंदरी चालणाऱ्या मलयची निवड झाली, हे लक्षणीय आहे.

नाव पुनरुज्जीवित असल्याने उइगुरच्या पूर्वपीठिकेविषयी मतभेद उद्भवले. इ. स. ८४० मध्ये मंगोलियातील उइगुर साम्राज्य मोडल्यावर तुर्फान व गान्सू भागांत स्थिरावलेल्या उइगुरांनी बौद्ध आणि मानीपंथी (इराणी धर्मसंस्थापक मानीच्या पंथाचे) वाङ्‌मय निर्माण केले. त्याची भाषा ‘प्राचीन उइगुर’ म्हणून ओळखली जाते. आधुनिक उइगुर हे तिचेच सरळ उत्तररूप, असे एक मत आहे. मात्र ध्वनिपरिवर्तनाचा पुरावा त्याला फारसा अनुकूल नाही. ‘पाय’ या अर्थाचा प्राचीन शब्द ‘अदाक’. गान्सूतील पश्चिम युगुर भाषेत तो ‘अझाक’ झाला, तर आधुनिक उइगुरमध्ये त्यातील ‘द’चा ‘य’ झालेला दिसतो. अकराव्या शतकात महमूद अल-काश्गरी यानेही आपल्या तुर्की-अरबी कोशात जमातीगणिक बदलणाऱ्या या ध्वनीची दखल घेतली आहे. काराखानी (त्याच काळातील मध्य आशियाई तुर्की राज्याच्या) ग्रंथभाषेतही दंत्य ध्वनी टिकून असल्याने ही एकच कसोटी निर्णायक म्हणता येत नाही. तरीही काराखानी, चगताई (मध्य आशियाची नंतरची तुर्की ग्रंथभाषा), आधुनिक उइगुर ही परंपरा अधिक सयुक्तिक दिसते. प्राचीन उइगुरचा वारसा तुर्फान परिसरातील बोलींत काही अंशी मिसळला असावा.

मलयच्या बाजूलाही असाच, पण सौम्य प्रश्न आहे. सुमात्रातील केदुकान बुकित शिलालेख पल्लव लिपीत असून त्यावर शककाल आहे. त्याचे वर्ष इ. स. ६८२ की ६८३ याविषयी वाचनभेद आहेत. त्या भाषेत आजच्या ‘बेर-’ व ‘दि-’ या उपसर्गांच्या जागी ‘मार-’ व ‘नि-’ आढळतात, म्हणून काही अभ्यासक तिला अभिजात मलयची थेट जननी मानण्यास कचरतात.

लिपीच्या बाबतीत दोन्ही भाषा अरबी लिपीतून गेल्या, पण वाटा फाकल्या. मलयची ‘जावी’ ही अरबी लिपी मागे पडून रोमन लेखन १९०१, १९४७ व १९७२ मध्ये टप्प्याटप्प्याने नियमबद्ध झाले. उइगुरसाठी चीनमध्ये १९६० नंतरच्या दशकात रोमन लिपी आणली गेली, पण १९८० नंतर लगेचच सुधारित अरबी लिपी परत आली. या लिपीत आठही स्वर लिहिले जातात. अरबी लिपीच्या मानाने ही गोष्ट विरळाच. जावीत काही स्वर वाचकाने ओळखायचे असतात. मध्य आशियातील उइगुर सिरिलिकमध्ये (रशियनच्या लिपीत) लिहितात.

रचनेत भेद ठळक आहे. उइगुरमध्ये क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते व प्रत्यय एकापुढे एक जोडले जातात. ‘किताब्लिरिमिझ्दिन’ या एका शब्दाचा अर्थ ‘आमच्या पुस्तकांतून’. इंडोनेशियनमध्ये त्यासाठी ‘दारी बुकु-बुकु कामी’ असे सुटे शब्द, द्विरुक्तीने अनेकवचन. पहिल्या उदाहरणात अनेकवचनी ‘लार’ प्रत्ययाचे ‘लिर’ झाले ते उइगुरच्या खास स्वरपरिवर्तनामुळे: ‘बाला’ (मूल) पण ‘बालिलार’, ‘बाश’ (डोके) पण ‘बेशी’ (त्याचे डोके). उझबेकमध्ये हे घडत नाही. इंडोनेशियनमध्ये ध्वनिबदल शब्दारंभी होतो: ‘तुलिस’वरून ‘मेनुलिस’ (लिहिणे), ‘पुकुल’वरून ‘मेमुकुल’ (मारणे). उइगुर क्रियापदाचा प्रत्यय गोष्ट प्रत्यक्ष पाहिलेली की ऐकीव हेही दाखवतो: ‘केल्दी’ म्हणजे आला, तर ‘केप्तु’ म्हणजे आला म्हणे, आलेला दिसतो. इंडोनेशियन क्रियापदाला काळाचेही प्रत्यय नाहीत. उलट ‘कामी’ व ‘किता’ हा तिच्यातील भेद मराठी वाचकाला आपल्या ‘आम्ही’ व ‘आपण’मुळे सहज कळतो, उइगुरमध्ये दोहोंसाठी ‘बिझ’ हे एकच सर्वनाम आहे. लिंगभेद दोन्हींत नाही.

शब्दसंग्रहात मात्र भेट होते. किताब, दुनिया, बाजार (इंडोनेशियन ‘पासार’), खबर (उइगुर ‘खेवेर’, इंडोनेशियन ‘काबार’) हे शब्द मराठीलाही परके नाहीत. इंडोनेशियनमधील ‘किताब’ बहुधा धर्मग्रंथापुरता उरला असून साधे पुस्तक म्हणजे डचमधून आलेले ‘बुकु’. इंडोनेशियनमधील अरबी शब्द थेट आले की फार्सी व भारतामार्गे, हा वाद आहे. ‘आदात’, ‘हाकिकात’ यांसारखी ‘त’कारान्त रूपे फार्सी मध्यस्थी सुचवतात, उइगुरमध्येही ‘आदेत’, ‘हेकिकेत’ अशीच रूपे आहेत. ‘बेरकात’च्या शेजारी ‘बेरकाह’ नांदतो, यावरून दोन्ही मार्ग खुले असावेत असे वाटते.

संस्कृत शब्द इंडोनेशियनमध्ये विपुल (बहासा, नेगारा, मानुसिया, वार्ना). प्राचीन उइगुरमध्येही ते बौद्ध ग्रंथांतून, बहुतेक तोखारी व सोग्दी या मध्य आशियातील जुन्या भाषांमार्गे शिरले. ‘रत्न’चे ‘एर्तिनी’ हे त्यांपैकीच, आणि त्याचे ‘एर्देने’ हे रूप मंगोलमध्ये आजही आहे. इस्लामोत्तर उइगुरमध्ये त्यांतले थोडेच उरले. चिनी उसनवारी उइगुरमध्ये उत्तरेकडील बोलींतून, तर इंडोनेशियनमध्ये प्रामुख्याने दक्षिण चीनमधील होक्यिन बोलीतून आहे. चहाला उइगुर ‘चाय’ म्हणतात, तर इंडोनेशियन होक्यिनप्रमाणे ‘तेह’.