'आरएफ मीटर' म्हणजे नेमका कुठला?

स्मार्ट मीटरवरून भांडण झालं ते प्रीपेडचं. मीटरच्या आत बसून बोलणारं जे कार्ड आहे त्याच्याकडे फार कुणाचं लक्षच गेलं नाही, आणि खरा घोळ तिथे आहे. तो घालणारा शब्द म्हणजे 'आरएफ', म्हणजे रेडिओ लहरींवरून बोलणारा.

महाराष्ट्रात दहा-बारा वर्षांपूर्वी जे आरएफ मीटर बसले त्यांचा रेडिओ गल्लीपुरता होता. रीडिंगवाला हातात यंत्र घेऊन यायचा, दार न वाजवता आकडा उचलायचा आणि पुढे जायचा, ऑफिसात बसून त्या मीटरला काही सांगायची सोय नव्हती. आता 'आरएफ मेश' म्हणतात ते वेगळंच प्रकरण आहे, म्हणजे तुमचा मीटर शेजाऱ्याच्या मीटरला निरोप देतो, तो पुढच्याला, असं करत करत निरोप खांबावरच्या गेटवेपर्यंत, म्हणजे सगळ्यांचे निरोप गोळा करणाऱ्या पेटीपर्यंत जातो आणि तिथून पुढे मोबाईल नेटवर्क किंवा फायबर. नाव सारखंच असल्यामुळे जुन्या मीटरवरचा राग नव्यावर निघतो.

हे शक्य झालं कारण 2005 मध्ये 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरायला मोकळा झाला. इटलीने 2001 पासून विजेच्या तारेतूनच सिग्नल पाठवून कोट्यवधी मीटर बसवले होते, पण तारेतलं आपल्याकडे फार चाललं नाही. मग जुलै 2012 चा तो प्रचंड ब्लॅकआउट झाला, स्मार्ट ग्रिडचा जोर वाढला, 2015 मध्ये आयएस 16444 हे मीटरचं मानक आलं आणि त्यात मेशचा रेडिओ की मोबाईल नेटवर्कचं सिम हे उघडंच ठेवलं.

केंद्राच्या 2021 च्या योजनेत 25 कोटी प्रीपेड मीटरचं टार्गेट आलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या अधिसूचनेत शेती सोडून सगळ्यांना असे मीटर, पण जिथे कम्युनिकेशन नेटवर्क आहे तिथे, असं म्हटलंय. आता नेटवर्क 'आहे' म्हणजे काय? रस्त्यावर रेंज आहे की जिन्याखालच्या लोखंडी पेटीत आहे? निवड बऱ्याचदा ठेकेदारावर सोडली, त्याला दर मीटर दर महिना पैसे आणि डेटा वेळेत नाही आला तर दंड. सिम टाकलं की काम लवकर सुरू होतं, मेशला आधी गेटवे उभे करा, शिवाय मीटर जवळजवळ हवेत, विखुरलेल्या वस्तीत साखळीच तुटते. तरी दाट पेठेत मेशच बरं असं माझं मत, कारण मीटर दहा वर्षं टिकणार आणि तोवर 2जी राहील याची खात्री कोण देणार, एका मोठ्या कंपनीकडे तर ते आजच नाही.

तसा डेटा किरकोळच असतो, 15 मिनिटांची एक नोंद धरली तरी दिवसाला 96. त्या दोन तास उशिरा आल्या तरी बिघडत नाही. सबस्टेशनमधल्या प्रोटेक्शनला, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणाऱ्या यंत्रणेला, निरोप मिलिसेकंदात लागतो, तिथे फायबर. पण मीटरला उलट बाजूनेही हुकूम जातो. 12 ऑगस्ट 2020 ला, जन्माष्टमीला, उत्तर प्रदेशात चुकीची कमांड गेली आणि लाखाहून जास्त घरांची वीज एका दमात बंद झाली, तेव्हा हे सगळ्यांना कळलं.

2024 मध्ये महाराष्ट्रात घरगुती ग्राहकांसाठी प्रीपेड मागे घेतलं. आता दारात येतो तो 'टीओडी मीटर', म्हणजे दिवसातल्या वेळेप्रमाणे वापर मोजणारा, बिल महिन्याच्या शेवटी, पण कार्ड आत आहेच.